भुंगेऱ्याच्या पाठीवरचे यंत्र: जिवंत कीटक आणि सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्स यांची जोडणी कशी होते

मृग नक्षत्राच्या आगेमागे पहिला दमदार पाऊस पडून गेला की खानदेशात दिवेलागणीच्या सुमारास कडुनिंबावर, बोरीवर आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे घोंघावू लागतात. शेतकरी रात्री फांद्या हलवून ते खाली पाडतात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. त्या वेळी एखादा भुंगेरा बॅटरीच्या उजेडात जवळून पाहिला, तर दोन गोष्टी नजरेत भरतात. मिशीच्या टोकाशी पातळ पाकळ्यांचा एक जुडगा असतो आणि तो उघडतो-मिटतो. वास घेण्याचे काम तो करतो. पाठीवरचे कठीण पंख वर उचलले की त्यांखाली घडी घालून ठेवलेले, कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ पंख दिसतात. प्रत्यक्ष उड्डाण त्यांच्यावर होते. याच कुळातल्या एका मोठ्या आफ्रिकी भुंगेऱ्याच्या शरीरात बारीक तारा बसवून आणि पाठीवर रेडिओ-यंत्र चढवून, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २००९ साली त्याचे उड्डाण दुरून सुरू करून, थांबवून आणि वळवून दाखवले.

जिवंत कीटक आणि सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक उपकरण यांच्या अशा जोडणीबद्दल बातम्या येतात तेव्हा त्यांचा रोख बहुधा गुप्तहेर झुरळे किंवा रिमोटवर चालणारे किडे असाच असतो. या क्षेत्रात मुळात दोन वेगळी कामे चालतात, हे त्या बातम्यांतून कळत नाही. एका कामात यंत्र कीटकाला संकेत देते आणि त्याला हवे तिकडे नेण्याचा प्रयत्न करते. दुसऱ्या कामात कीटकाची ज्ञानेंद्रिये जे टिपतात ते यंत्र वाचून घेते. पहिल्या कामाला प्रसिद्धी अधिक मिळते, परंतु कापूस, मका आणि केळी पिकवणाऱ्या आपल्या भागाच्या दृष्टीने दुसरे काम अधिक मोलाचे आहे, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी पहिले काम नीट पाहावे लागेल.

सुरुवात उपकरणापासून करू. मोबाइल आडवा धरला की पडद्यावरचे चित्रही आडवे होते, कारण मोबाइलच्या आत सिलिकॉनची एक अतिसूक्ष्म हलणारी रचना असते आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलली की ती किंचित सरकते. विजेवर चालणाऱ्या अशा सूक्ष्म यांत्रिक रचनांना त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मेम्स’ म्हणतात. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप चढवायचा, नक्षीच्या झाकणातून त्यावर प्रकाश पाडायचा, आणि लेप जेथे निघून जाईल तेथे रसायनाने किंवा वायूने कोरीव काम करायचे, अशी त्यांच्या निर्मितीची ढोबळ पद्धत आहे. याच पद्धतीने लवचीक प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूच्या रेषा उमटवता येतात, आणि त्या रेषांची टोके कीटकाच्या चेतातंतूंजवळ किंवा स्नायूंत ठेवता येतात. अशा टोकांना इलेक्ट्रोड म्हणतात. इलेक्ट्रोड, एक लहान नियंत्रक चिप, रेडिओ संदेश घेणारा भाग आणि बॅटरी एवढे मिळून कीटकाच्या पाठीवरचे दप्तर तयार होते.

एवढे सूक्ष्म काम जमते, तर कीटकाऐवजी कीटकाएवढे यंत्रच का बनवत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. ते प्रयत्न झाले आहेत आणि अजूनही चालू आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मधमाशीच्या धर्तीवर पंख फडफडवणारे एक यंत्र बनवले. वीजपुरवठ्याची तार न लावता ते प्रथम उडाले २०१९ साली. तेव्हा सौर पत्र्यांसह त्याचे वजन २५९ मिलिग्रॅम होते, त्याला कडक उन्हाच्या सुमारे तिप्पट प्रखर प्रकाश पुरवावा लागला, आणि तरीही ते सेकंदभरही हवेत टिकले नाही. अभियांत्रिकीचे ते मोठेच यश होते, कारण आकार लहान होत जातो तशी बॅटरीत साठवता येणारी ऊर्जा तुटपुंजी होते, लहान मोटारी अकार्यक्षम होतात आणि हवेच्या किरकोळ झुळकेनेही यंत्र कलंडते. मधमाशी मात्र मकरंदाच्या साखरेवर कित्येक किलोमीटर जाऊन परत येते, वाऱ्यात तोल सांभाळते, आणि त्यासाठी लागणारी सारी मोजमापे तिच्या इवल्याशा मेंदूत आपोआप होतात.

म्हणून या क्षेत्रातील संशोधक उड्डाणाचे, तोल सावरण्याचे आणि ऊर्जेचे काम कीटकाकडेच राहू देतात. औताचा बैल आपल्या पायांनी आणि आपल्या बळावर चालतो, शेतकरी कासरा ओढून त्याला केवळ दिशा सांगतो. कीटकाच्या पाठीवरचे दप्तरही तेवढेच काम करते. पंख कसे हलवायचे हे त्या दप्तराला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते.

झुरळाच्या बाबतीत हा संकेत कसा दिला जातो, ते सर्वांत सोपे आहे. झुरळ अंधारात मिशांनी चाचपडत चालते. उजवी मिशी भिंतीला लागली की ते डावीकडे वळते. मिशीच्या आतून जाणाऱ्या चेतातंतूंना इलेक्ट्रोडमधून विजेचे बारीक ठोके दिले, तर समोर काहीही नसताना झुरळाला त्या बाजूला अडथळा असल्याचा भास होतो आणि ते विरुद्ध बाजूला वळते. त्याच्या पोटाच्या टोकाशी दोन लहान शेपट्यांसारखे अवयव असतात; मागून हवेची हालचाल झाली, म्हणजे कोणी झडप घातली, तर ती त्यांना कळते. तेथे ठोका दिला की झुरळ पुढे धावते. टोकियो विद्यापीठात १९९७ साली या तत्त्वावर झुरळाची चाल नियंत्रित करण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. आज बहुतेक ठिकाणी यासाठी मादागास्करचे फुत्कारणारे झुरळ वापरतात. ते आपल्या स्वयंपाकघरातल्या झुरळापेक्षा बरेच मोठे असते, त्याला पंख नसतात, ते संथ असते आणि पाठीवर काही ग्रॅमचे ओझे वाहू शकते.

भुंगेऱ्याचे तंत्र याहून नाजूक आहे. बर्कली येथे मिशेल माहार्बिझ आणि हिरोताका सातो यांच्या गटाने वापरलेला आफ्रिकी भुंगेरा पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याला प्रथम थंड करून निपचित करतात. कवचाला कीटक टोचण्याच्या सुईने बारीक छिद्रे पाडतात, टोकाखेरीज सर्वत्र विद्युतरोधक वेष्टण असलेल्या केसासारख्या तारा त्यांतून ठरलेल्या खोलीपर्यंत सरकवतात आणि छिद्रे मधमाशीच्या मेणाने बंद करतात. कीटकाचे रक्त आपल्यासारखे नळ्यांतून वाहत नाही, ते शरीराच्या पोकळीत मोकळे असते. त्यामुळे छिद्रातून आलेला थेंब गोठला आणि वर मेण बसले की एवढी शस्त्रक्रिया त्याला सहसा सोसते. डोळ्यांमागच्या दृष्टिकेंद्राजवळ ठोके दिले की पंख फडफडू लागतात, आणि तेथेच दिलेल्या एका ठोक्याने ते थांबतात. उड्डाण चालू असताना पंखाच्या बुडाशी असलेल्या एका बाजूच्या स्नायूला ठोके दिले की त्या बाजूचा पंख अधिक जोर लावतो आणि भुंगेरा विरुद्ध बाजूला वळतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती बातम्यांत येत नाही. सातो पुढे सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठात गेले. तेथील आणि बर्कलीच्या संशोधकांनी २०१५ साली मोकळ्या उडणाऱ्या भुंगेऱ्याच्या पाठीवरच्या दप्तरातून स्नायूंचे संदेश तपासले. तेव्हा असे आढळले की ज्या एका बारीक स्नायूचे काम केवळ पंखांची घडी घालणे हेच समजले जात होते, तो उड्डाणात वळण घेण्यासाठीही वापरला जातो. भुंगेऱ्याला धाग्याने बांधून प्रयोगशाळेत उडवले असता हे कळणे अवघड होते. कीटकाला चालवण्यासाठी केलेल्या दप्तराने कीटक कसा चालतो हेच आधी शिकवले.

तिसरी पद्धत पतंगांसाठी आहे आणि ती या सर्वांत विलक्षण आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने २००६ साली या विषयावर एक कार्यक्रम सुरू केला. त्याची धुरा कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक अमित लाल यांच्याकडे होती. शंभर मीटर दूरच्या लक्ष्यापासून पाच मीटरच्या आत कीटक नेऊन दाखवावा, असे उद्दिष्ट ठेवले होते. उपकरण प्रौढ कीटकावर चिकटवण्याऐवजी कोषातच बसवावे, ही त्यामागची मुख्य कल्पना होती. अळी कोषात गेली की तिच्या शरीरातील बऱ्याच ऊती विरघळतात आणि नव्याने घडतात. त्या काळात कोषाला बारीक छेद देऊन इलेक्ट्रोडची पट्टी आत ठेवली, तर नवे स्नायू तिच्याभोवती वाढतात, जखम भरून येते आणि पतंग बाहेर पडतो तो उपकरण अंगात घेऊनच. तंबाखूच्या पिकावर पडणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी पतंगावर कॉर्नेलमध्ये हे करून दाखवण्यात आले. पाठीवरचा भार हलका करण्यासाठी त्यातील काही पतंगांना लहान हेलियमचे फुगेही बांधावे लागले होते. वजन ही या विषयाची केवढी मोठी अडचण आहे, हे त्या फुग्यांवरून लक्षात येते.

वजनाचे गणित पुढील काळात बरेच सुधारले. वॉशिंग्टन विद्यापीठात श्याम गोल्लाकोटा आणि विक्रम अय्यर यांच्या गटाने २०१८ साली भुंगमाशीच्या, म्हणजे मोठ्या केसाळ बम्बलबीच्या, पाठीवर १०२ मिलिग्रॅमचे दप्तर बसवले. त्यापैकी सत्तर मिलिग्रॅम वजन एकट्या बॅटरीचे होते. २०२० साली त्यांनी २४८ मिलिग्रॅमचा फिरता कॅमेरा चालणाऱ्या भुंगेऱ्यावर चढवला. तो सेकंदाला एक ते पाच चित्रे सुमारे १२० मीटरवरच्या मोबाइलपर्यंत पाठवत असे. या दोन्ही प्रयोगांत कीटकाला कोठेही टोचलेले नव्हते. तो आपल्या मर्जीने फिरत होता आणि उपकरण फक्त नोंद घेत होते.

बॅटरीला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही चालू आहेत. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने २०१२ साली झुरळाच्या रक्तातील ट्रेहॅलोज नावाच्या साखरेपासून थोडी वीज मिळवून दाखवली. जपानच्या रिकेन संस्थेतील केन्जिरो फुकुदा यांच्या गटाने २०२२ साली झुरळाच्या पोटावर केवळ चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या एक हजार भागांपैकी चार भाग, एवढ्या जाडीचे सौर पत्रे चिकटवले. पोटाचे वळसे हलताना त्यांनी अडू नये म्हणून ते सलग न चिकटवता मधे मधे मोकळे ठेवले होते. त्यांतून १७.२ मिलिवॅट वीज मिळाली आणि दप्तरातील बॅटरी पुन्हा भरता आली.

आता मर्यादांकडे येऊ. झुरळाच्या मिशीला एकच ठोका वारंवार दिला की ते त्याला सरावते आणि प्रतिसाद मंदावतो. समोर भिंत नाही हे त्याला हळूहळू उमगत असावे. प्रत्येक कीटकाच्या शरीरात इलेक्ट्रोड नेमका एकाच जागी बसत नाही, त्यामुळे एक चांगला वळतो आणि दुसरा गोल गोल फिरत राहतो. सिंगापूरच्या गटाने २०२५ साली दप्तर चढवण्याचे काम रोबोटच्या हाताकडे सोपवले. एका झुरळाला ६८ सेकंद पुरू लागले, आणि इलेक्ट्रोड मिशीऐवजी मानेमागच्या कवचांमधील मऊ पडद्यात बसवल्याने मिशा शाबूत राहिल्या. मिशा शाबूत राहणे महत्त्वाचे आहे, कारण त्या कापल्या तर झुरळ स्वतःहून अडथळा ओलांडायचे कसब गमावते, आणि त्या कसबासाठीच तर त्याला निवडलेले असते. तापमानाची अडचण याहून मूलभूत आहे. कीटक शरीराचे तापमान स्वतः फारसे राखू शकत नाहीत. गारठ्यात ते मंद होतात आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सावली सोडून बाहेर पडत नाहीत. यंत्राने कितीही ठोके दिले तरी ही बाब बदलत नाही.

तरीही पहिल्या कामाचा एक उपयोग खरा आहे. म्यानमारमध्ये २८ मार्च २०२५ रोजी ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. सिंगापूरने पाठवलेल्या बचाव पथकाबरोबर दप्तर आणि इन्फ्रारेड कॅमेरे चढवलेली दहा झुरळे होती, आणि प्रत्यक्ष आपत्तीच्या ठिकाणी अशा कीटकांचा वापर होण्याची ती पहिली वेळ होती. ढिगाऱ्याखाली अडकलेला जिवंत माणूस त्यांना सापडला नाही, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. सिमेंट-काँक्रीटच्या इमारती कोसळतात तेव्हा स्लॅब एकमेकांवर तिरके पडून त्यांच्यात पोकळ्या राहतात, आणि जेथे माणसाचा हात किंवा कुत्रा पोचत नाही तेथे झुरळ पोचू शकते. आपल्याकडे मात्र हे तंत्र कोठे चालेल याचा विचार वेगळा करावा लागेल. खानदेशातील जुन्या गावांत अजूनही धाब्याची घरे आहेत. लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर असलेले असे घर संततधार पावसात बसले, तर माती सर्व फटी बुजवून टाकते. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या घरांनी हेच केले. बुजलेल्या मातीत झुरळाला वाट नसते; तेथे फावडे घेतलेले शेजारीच सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त उपयोगी पडतात. जळगाव, धुळे या शहरांतल्या काँक्रीटच्या इमारतींबाबत मात्र ही झुरळे कामाची ठरू शकतात.

दुसऱ्या कामाची, म्हणजे कीटकाची ज्ञानेंद्रिये वाचण्याची, सुरुवात आपल्या कपाशीच्या शेतात टांगलेल्या कामगंध सापळ्याच्या इतिहासाशी जोडलेली आहे. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते त्याचे रसायन प्रथम ओळखले गेले १९५९ साली, रेशीम पतंगाच्या बाबतीत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांना त्यासाठी सुमारे पाच लाख मादी पतंग वापरावे लागले. त्याच्या दोनच वर्षे आधी डिट्रिख श्नायडर यांनी नर पतंगाच्या मिशीच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड लावून, गंध मिशीपर्यंत पोचताच तिच्यात विजेचा दाब किती बदलतो हे मोजून दाखवले होते. ही मिशी एवढी संवेदनशील असते की मोठमोठ्या उपकरणांना न जाणवणारे गंधाचे प्रमाणही तिला जाणवते. गुलाबी बोंडअळीच्या सापळ्यात आपण जी गोळी म्हणजे ल्यूर लावतो, ती या जातीच्या नराच्या मिशीला ओळखू येणाऱ्या दोन रेणूंच्या मिश्रणाची असते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग आढळले की फवारणीचा निर्णय घ्यावा, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. म्हणजे पतंगाच्या मिशीचे ‘वाचन’ आपण आजही करतो, फक्त मिशीने दिलेला संदेश पतंग सापळ्यात येऊन पडल्यावर आपल्याला कळतो.

तो संदेश थेट विजेच्या रूपात वाचता आला तर काय होईल, याची काही उदाहरणे समोर आहेत. टोकियो विद्यापीठात र्योहेई कान्झाकी यांच्या गटाने रेशीम पतंगाला एका लहान गाडीवर, हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूवर उभे केले. मादीच्या गंधाकडे जाण्यासाठी पतंग पाय हलवतो, त्याच्या पायांनी चेंडू फिरतो, चेंडूची फिरकी मोजून गाडीची चाके फिरतात आणि गाडी गंधाच्या उगमाकडे जाते. येथे गाडी पतंगाच्या मर्जीने चालते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २०२० साली पतंगाची मिशी काढून ती एका लहान ड्रोनवरील परिपथाला जोडली गेली. थंड करून बेशुद्ध केलेल्या पतंगाची मिशी काढल्यानंतरही सुमारे चार तास जिवंत राहते. तेवढ्या वेळात तिच्या संकेतांवरून ड्रोनने वासाचा माग काढला.

टोळांवरचे काम त्याहून खोल गेले आहे. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड उतरली तेव्हा टोळ म्हणजे संकट एवढाच अर्थ आपल्या मनात होता. त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात (हे वर आलेल्या वॉशिंग्टन विद्यापीठाहून वेगळे) बारानीधरन रामन यांच्या गटाने अमेरिकी टोळाच्या मेंदूतील गंधकेंद्रात इलेक्ट्रोड बसवून, टीएनटीसारख्या स्फोटकांची वाफ त्याला कळते आणि तिचे संकेत वेगळे ओळखता येतात हे दाखवले. टोळाच्या एका मिशीत सुमारे पन्नास हजार गंधग्राही चेतापेशी असतात. एका टोळाचा संकेत फसवा असू शकतो. सात टोळांचे संकेत एकत्र केल्यावर अचूकता ८० टक्क्यांपर्यंत गेली. मिशिगन स्टेट विद्यापीठातील देबजित साहा यांच्या गटाने पुढे हीच पद्धत तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींसाठी वापरली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगी आणि निरोगी पेशींभोवतीची हवा टोळाला दिली असता त्याच्या मेंदूतील संकेत निरनिराळे आले. रुग्णाच्या श्वासावरून निदान करण्यापर्यंतची वाट अजून लांब आहे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तंबाखू आणि गुटख्याने तोंडाचा कर्करोग घरोघर पोचलेल्या आपल्या जिल्ह्यांत अशा बातमीवरून कोणी खोटी आशा धरू नये, आणि तपासणी पुढे ढकलू नये.

मधमाश्यांवरचे काम साधे आहे, म्हणून ते थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ साली टास्मानियात पाच हजारांपर्यंत मधमाश्यांच्या पाठीवर अडीच मिलिमीटरच्या चिपा चिकटवण्याचे काम हाती घेतले. टोलनाक्यावर फास्टॅग वाचणारे तंत्रच तेथे पोळ्याच्या तोंडाशी बसवलेले होते. कोणती माशी केव्हा गेली, केव्हा परतली, आणि फवारणीनंतर परतलीच नाही का, हे त्यातून कळते. डाळिंबाच्या बागांत आणि कांद्याच्या बीजोत्पादनात परागीकरणासाठी मधमाश्यांवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला या नोंदीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

कीटकाला यात वेदना होतात का, हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. इजा टाळण्याची प्रतिक्रिया कीटकांत निश्चित असते. तिच्यामागे आपल्याला जाणवते तशी वेदना असते का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही, मात्र भुंगमाश्यांवरील अलीकडच्या संशोधनाने ‘किड्याला काय कळते’ ही बेफिकिरी सैल केली आहे. भारताच्या १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव प्राणी अंतर्भूत आहे, त्यातून कीटक वगळलेले नाहीत. शेतकरी हुमणीचे भुंगेरे मारतो ते पीक वाचवण्यासाठी. केवळ गंमत म्हणून झुरळाच्या मिशा कापून मोबाइलवरून ते चालवण्याचे संच २०१३ पासून परदेशात विकले गेले आणि त्यावर टीकाही झाली. शाळेतील मुलांच्या हाती असा संच देणे मला योग्य वाटत नाही. मिशीचा विद्युतसंकेत पडद्यावर दाखवणारा प्रयोग कीटकाला न चालवताही पुष्कळ शिकवून जातो. टेहळणीची भीती वेगळी आहे. २०२५ पर्यंत युरोपात लष्करी टेहळणीसाठी झुरळे तयार करणारी कंपनीही उभी राहिली आहे. ड्रोनसाठी नोंदणीचे आणि परवान्याचे नियम आहेत, तसे जिवंत कीटकावरील कॅमेऱ्यासाठी काय असावेत, याची चर्चा येथेही सुरू व्हायला हवी.

कपाशीच्या शेतात ही विद्या केव्हा पोचेल, हा प्रश्न आपल्याकडील कोणीही विचारेल. तिची पहिली पावले पडून गेली आहेत. बोंडअळीच्या नराला मादी सापडू नये म्हणून गंधाच्या दोऱ्या बांधून शेतभर कामगंध दरवळत ठेवण्याची पद्धत आहे. अशा कपाशीच्या शेतात हवेतील गंधाचे प्रमाण जिवंत मिशीच्या साहाय्याने मोजण्याचे प्रयोग अमेरिकेत १९९०च्या दशकात झाले, तेही गुलाबी बोंडअळीसाठीच. गंध कोठे विरळ झाला आहे हे कळले, तर गंधाच्या दोऱ्या तेवढ्याच ठिकाणी पुन्हा बांधता येतात. अडचणी ठोस आहेत. काढलेली मिशी काही तासांत सुकते, आणि तापीकाठच्या ऑक्टोबरच्या उन्हात ती आणखी लवकर सुकेल. प्रत्येक मिशीची संवेदनशीलता थोडी निराळी असल्याने मोजमापाआधी तिला ठाऊक असलेला गंध देऊन तपासावी लागते. शिवाय कापसावरील कीटकनाशकाचा अंश हवेत असेल तर मिशीच बधिर होऊ शकते. या तीन अडचणींसाठी मिशी पतंगाच्या शरीरावरच ठेवून संकेत वाचणे, एका वेळी अनेक मिशांची सरासरी घेणे आणि फवारणीच्या वेळापत्रकाशी मोजणी जुळवणे, असे मार्ग समोर दिसतात, आणि त्यांतले पहिले दोन टोळांवरील प्रयोगांत वापरले गेलेही आहेत.